बोरखेडीचे हिरवे ठिपके

माझ्या थोरल्या जावेनं माझ्याशी चौदा वर्षं अबोला धरला होता, पण तिच्या अंगात ताप किती आहे हे मला रोज दुपारी ठाऊक असायचं. सख्ख्या नवऱ्याबद्दलही बायकांना एवढं ठाऊक नसतं.

तालुक्याच्या उष्मा कक्षात माझी खुर्ची होती. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढली, निवृत्त झाले, आणि घरी बसून सुनेच्या फोडणीत नाक खुपसण्यापेक्षा हे बरं म्हणून काम धरलं. समोर भिंतीएवढा पडदा. त्यावर सत्तावन्न गावं आणि गावागावांत माणसांचे ठिपके. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. लाल म्हणजे गाडी पळवा. राखाडी म्हणजे बाईनं टिकली काढून ठेवली आहे.

टिकलीचं सांगते. वऱ्हाडातला मे महिना आता माणसांच्या कामाचा राहिलेला नाही. पारा सत्तेचाळीसवर ठाण मांडतो आणि बारा ते पाच घराबाहेर पडायला बंदी असते. पण दोन वर्षांपूर्वी जी माणसं गेली ती उन्हात नव्हे, बंद घरात गेली. बहुतेक म्हातारी, एकटी, लेकरं पुण्याला. शरीर चाळीस अंशांच्या वर तापलं की पहिल्यांदा मेंदू भांबावतो. तहान लागली हे कळत नाही, आपल्याला काही होतंय हेही कळत नाही. त्यामुळे उष्माघाताचा माणूस मदतीला हाक मारत नाही. अर्ध्या तासात बर्फाच्या पाण्यात बुडवला तर वाचतो, पण तो तापला आहे हे त्या अर्ध्या तासात दुसऱ्या कुणाला तरी कळायला हवं.

म्हणून ताप-टिकली. मनगटाचा पट्टा बायका भांडी घासताना काढतात, काखेतली पट्टी घामानं सुटते, तेव्हा पुण्यातल्या कुणा हुशार मुलीच्या डोक्यात आलं की टिकलीच करू. मरून रंगाची, शर्टाच्या बटणाएवढी. आत दोन पापुद्रे, एक कातडीला लागून, एक वरच्या बाजूला. दोन्हींच्या तापमानातल्या फरकावरून अंगातली उष्णता किती वेगानं बाहेर पडते हे कळतं, आणि त्यावरून आतला ताप किती याचं गणित मांडता येतं. तो आकडा गावातल्या खांबावरच्या डब्यात जातो, तिथून आमच्या पडद्यावर आणि नातेवाइकांच्या मोबाईलवर. पुरुषांसाठी कातडीच्या रंगाची, कानामागे लावायची. योजना इतकी गाजली की मंत्र्यांच्या बायकांनीही लावून फोटो काढले.

माझी जाऊ गिरिजाबाई विधवा. भाऊजी गेले तेव्हा दहाव्या दिवशी बायका तिचं कुंकू पुसायला जमल्या. तिनं दोन्ही हात कपाळावर आडवे धरले. सासूबाई मला म्हणाल्या, "धर गं तिचे हात." आणि मी धरले. शिकलेली, नोकरी करणारी, दवाखान्यात चार बायकांना शहाणपण शिकवणारी मी, मी तिचे हात धरून ठेवले. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही आणि तिचं काही चुकलं असं मला कधी वाटलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी टिकल्या वाटायला मी मुद्दाम बोरखेडीला गेले. "बाई, ही टिकली नाही, यंत्र आहे," म्हणाले. तिनं कपाळ पुढे केलं नाही, मागेही घेतलं नाही. मी माझ्या हातानं टिकली लावली. येताना जीपमध्ये रडले. मला वाटलं, मिटलं. तेव्हापासून रोज दुपारी मी तिचा ठिपका पाहायची. हिरवा असायचा. पुढे 'नियमित वापर' म्हणून यंत्रानं तिच्या नावापुढे चांदणीही दिली.

त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला बोरखेडीची आशाताई रंजना गावंडे कक्षात बसली होती. रजिस्टर द्यायला सकाळी आली आणि बंदीमुळे अडकली. माठातलं पाणी पिता पिता सहज म्हणाली, "म्याडम, तुमच्या जाऊबाईचा ताप उतरला का?"

"कसला ताप? छत्तीस पूर्णांक नऊ आहे. हिरवं."

"मंग उतरला असन. परवापासून होता नं. माह्याकडून दोन डाव गोळ्या नेल्या. काल तं उभं राहवत नोहतं त्यायले."

मी गिरिजाबाईंचा तीन दिवसांचा आलेख उघडला. तीन दिवसांत ताप नाहीच.

वॉर्डात मी तीस वर्षं तापाचे तक्ते भरले आहेत. निरोगी माणूसही दिवसभर एकसारखा नसतो. पहाटे सगळ्यात गार, संध्याकाळी पाच-सहाला सगळ्यात गरम. जेवला की जरा वर, झोपला की जरा खाली. रेघ सारखी चुळबुळ करत असते. ही रेघ चुळबुळ करत नव्हती. सकाळी नऊ पन्नासला चौतीस अंशांवर उगवायची, इस्त्री केल्यासारखी चढत दुपारी तीनच्या पुढे सदतीसला टेकायची आणि तशीच उतरून रात्री राखाडी व्हायची. परवा तेच, काल तेच, आजही तीच चढण. शरीराला असं घड्याळ नसतं. असं घड्याळ उन्हात तापणाऱ्या भिंतीला असतं.

"रंजना, आंघोळीला जाताना तू टिकली कुठे ठेवतेस?"

"आरशाले चिकटवतो. समद्याच चिकटवतात." मग तिचा हात तोंडावर गेला. "अगं माय!"

टिकली कातडीवर आहे की नाही हे ओळखणारा एक भाग आधी होता. त्यानं जाडी वाढायची, टिकली टिकलीसारखी दिसायची नाही, म्हणून तो काढून टाकला. चौतीसच्या खाली गेली की 'काढून ठेवली' असं धरायचं ठरलं, नाहीतर रोज सकाळी हजार बायकांच्या आंघोळीचे हजार भोंगे वाजले असते. थंडीतल्या चाचणीत हे ठीक होतं. मे महिन्यात वऱ्हाडातल्या जाड भिंतीच्या घरात आरसाच सदतीस अंशांचा होतो. आरशातून काही उष्णता बाहेर पडत नाही, पण सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात माणसाच्या अंगातूनही ती फारशी पडत नाही, त्यामुळे गणिताला शंकाही आली नाही. आरसा हा आमचा सगळ्यात गुणी पेशंट होता.

आणि गिरिजाबाई, तीन दिवसांच्या तापात, या उन्हात, घरात एकट्या.

"म्याडम, अशा आनखी असतीन," रंजना म्हणाली.

"असतील. आधी ही."

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. गिरिजाबाईंचा फोन वाजून वाजून बंद झाला. मी त्यांचे शेजारी भास्करराव ढोरे यांना लावला. ते ओलं उपरणं डोक्यावर घेऊन जाऊन आले.

"वैनी, दार आतून लावेल हाये. कूलरचा आवाज येऊन रायला. झोपल्या असतीन."

"तोडा दार."

"आता काय बोलता! तुमच्यात बोलनं नाई. उद्या त्या उठून मलेच म्हनतीन, बाईमानसाचं दार कोनाले इचारून तोडलं? अन् माह्या मोबाईलवर तं त्यायचा ठिपका हिरवा दिसते."

"भास्करराव, तो ठिपका खोटा आहे. मी तीस वर्षं सिस्टर होते. दार तोडा. जे बोलायचं ते मला बोलू द्या."

"बरं, पहार घेऊन येतो," म्हणाले आणि फोन बंद झाला.

अख्ख्या तालुक्याला थंडगाडी एक. आत बर्फाच्या पाण्याची नांद आणि अक्रमभाई, जो ड्रायव्हरही होता आणि उपचारही शिकला होता. हिरव्या ठिपक्यासाठी गाडी सोडायला पडद्यावर बटणच नाही. 'नियमबाह्य' अशी एक चौकट आहे, तिथे नाव, कारण आणि पेशंटशी नातं लिहावं लागतं. नाव लिहिलं, सुलभा सरकटे. कारण लिहिलं, आरसा. नातं लिहिलं, जाऊ. गाडी निघाली. बोरखेडी बावीस किलोमीटर.

दहा मिनिटांनी कक्षात भोंगा वाजला.

वडजी गावात शेवंताबाई तेलगोटे, वय चौसष्ट, लाल. चाळीस पूर्णांक सहा आणि चढता. लाल ठिपका दिसला की गाडीला आपोआप हुकूम जातो. लगेच अक्रमचा फोन.

"सिस्टर, मशीन वडजीले वळा म्हनते. मी फाट्यावर उभा हाव. डाव्या हाताले वडजी, सरळ बोरखेडी. बोला लवकर."

"एक मिनिट थांब."

"एक मिनिटात मानूस मरते सिस्टर, तुमीच शिकवलं."

मी शेवंताबाईंचा आलेख उघडला. रंजना त्यांना फोन लावत होती, उचलत नव्हत्या. काल तीन वाजता एकोणचाळीस पूर्णांक सहा. परवा त्याच वेळी तेवढाच. रोज दुपारी ठरलेल्या वेळी चढायचा, संध्याकाळी उतरायचा. टिनाचं घर असेल तर आरसा असाच तापेल. पण रोज ठरलेल्या वेळी चढणारा ताप मी वॉर्डात शेकड्यांनी पाहिला होता. मलेरिया असाही चढतो. रेघ गुळगुळीत होती का? होती. अगदी गुळगुळीत? माझे डोळे भरून आले होते, मला धड दिसत नव्हतं.

"म्याडम," रंजना हळूच म्हणाली, "ती बाई खरंच पडेल असन तं लोकं म्हनतीन, जावेसाठी गाडी पळवली."

लोकांचं सोडा, मीच म्हटलं असतं. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर मीच तिच्यावर रिपोर्ट लिहिला असता. मला गिरिजाबाई जगायला हव्या होत्या, आणि म्हणूनच मला ती रेघ गुळगुळीत दिसत असेल तर? चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. ताप उतरताना माणसाला घाम येतो, रेघ पायऱ्या पायऱ्यांनी उतरते. ही घसरगुंडीसारखी उतरली होती. कालही, परवाही.

"अक्रम, सरळ जा."

"नक्की?"

"माझ्या नावावर. जा."

लाल ठिपका कुणी हात न लावता तसाच लुकलुकत राहिला, भोंगा वाजत राहिला, आणि मी तो बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा मी पेशंटची घंटा बंद केली.

भास्कररावांचा फोन आला. "वैनी, चुलीपाशी पडेल हायेत. वळखत नाईत मले. काहीबाही बोलून रायल्या. आंग तं इस्तवासारखं लागते. कूलरमंदी पानीच नाई, नुसता गरम वारा."

"पाणी ओता अंगावर. माठातलं, रांजणातलं, हाताला लागेल ते. लुगडं ओलं ठेवा, वारा घाला. तोंडात मात्र पाणी घालू नका. गाडी येतेय."

तेवढ्यात रंजना ओरडली. शेवंताबाईंनी फोन उचलला होता. रंजनानं तो मोठ्या आवाजावर टाकला. पलीकडून बायकांचा कालवा आणि एक खणखणीत आवाज, "कोन व? मी शेजारी शेवया करून रायली नं बाप्पा! मोबाईल घरी रायला व्हता, नातीनं आनून देला. टिकली? ते काय, आरशाले हाये. शेवया करतानी घामानं पडते, मंग पिठात जाते."

रंजना हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

अक्रम दोन पस्तीसला पोचला. त्याच्याकडची शरीराच्या आतला ताप मोजायची नळी खोटं बोलत नाही. एक्केचाळीस पूर्णांक चार. त्यानं आणि भास्कररावांनी गिरिजाबाईंना उचलून नांदेत ठेवलं. मी फोन कानाला लावून बसले आणि तो दर दोन मिनिटांनी आकडा सांगत होता. एक्केचाळीस. चाळीस पाच. चाळीस. तीन वाजून पाच मिनिटांनी म्हणाला, "एकोनचाळीस, सिस्टर. डोळे उघडले. पानी मांगून रायल्या." त्यानंतरही गाडी तिथेच थांबली, ताप परत चढत नाही ना हे पाहायला.

जिल्ह्यातून साहेबांचा फोन आला. आधी, हिरव्यावर गाडी कशी गेली? मग सगळं ऐकल्यावर, "सरकटेबाई, तुम्ही कमाल केली." मी लाजले. खरं सांगते, लाजले. रंजनानं चहा मागवला. आम्ही दोघींनी चहा घेतला, बिस्किटं खाल्ली, शेवंताबाईंची नक्कल केली. मला फार हलकं वाटत होतं. चौदा वर्षांपूर्वी धरलेले हात मी आज सोडले, असलं काहीतरी भरजरी माझ्या मनात चाललं होतं.

तीन चाळीसला पुन्हा पडद्याकडे पाहिलं. हिरवे ठिपके. मी पहिला उघडला. मग दुसरा.

रात्री राखाडी आणि दिवसा हिरवे असे बाराशेच्या वर ठिपके होते. रंजना आणि मी वाटून घेतले. चुळबुळणारी रेघ म्हणजे माणूस, गुळगुळीत म्हणजे भिंत. एकदा नजर बसली की एका आलेखाला दोन सेकंद पुरतात. तेवीस भिंती सापडल्या. आम्ही फोन लावत गेलो. एक आरशावर, एक कपाटावर, एक देवीच्या तसबिरीला. "हाव म्याडम, लावतोच आता," म्हणत सगळ्या जणी शाळेतल्या पोरींसारख्या ओशाळत होत्या. सव्वाचारपर्यंत बावीस जणी जिवंत निघाल्या.

तेविसावा फोन वाजत राहिला. यमुनाबाई बोचरे, वय एकाहत्तर. गाव बोरखेडी.

अक्रम तोवर गिरिजाबाईंना घेऊन दवाखान्याच्या वाटेला लागला होता. मी भास्कररावांना लावला. "आमच्या मांगच्याच गल्लीत," म्हणाले आणि पळत गेले. पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला.

"भास्करराव?"

"वैनी, खाटेवर हायेत. हात उचलून पाह्यला. आखडला."

डॉक्टरांनी नंतर वेळ सांगितली, अडीच ते साडेतीनच्या मध्ये. पडद्यावर यमुनाबाई सदतीस पूर्णांक एकवर ठणठणीत होत्या. नावापुढे चांदणी. मी स्वतः ठिपका बंद करेपर्यंत त्या तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेले. गिरिजाबाई उशीला टेकून बसल्या होत्या, हाताला सलाईन. भास्कररावांच्या बायकोनं त्यांना सगळं सांगितलेलं दिसत होतं. मी स्टूल ओढून बसले. चौदा वर्षांनी त्या माझ्याशी बोलल्या.

"माहा आरसा दिसला तुले. यमुनाचा काहून नाई दिसला?"

मी सकाळपासून पुष्कळ उत्तरं तयार केली होती. जाडी कमी करणारी पुण्याची मुलगी, चौतीस अंशांचा नियम, एकच गाडी. त्यांच्या तोंडाकडे पाहून ती सगळी बाजूला ठेवली.

"तुमचा मी रोज पाहायची, बाई. तिचा कधीच पाहिला नाही."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झालं, पुन्हा चौदा वर्षं. मग म्हणाल्या, "तिचा पोरगा पुन्याहून येऊन रायला. त्याच्याकडं जा. मले बोलली तसंच बोल त्याले. मशीनचं नाव सांगू नको."

बोरखेडीला गेले तेव्हा यमुनाबाईंना अग्नी देऊन मंडळी परतली होती. निखिल बोचरे ओट्यावर बसला होता, चाळिशीचा, डोकं ओलं, हातात मोबाईल. मी कोण ते सांगितलं. त्यानं बसायला जागा करून दिली.

"काल मिटिंगमध्ये होतो," तो म्हणाला. "तीन वाजता पाहिलं, माय हिरवी होती. सव्वातीनला पुन्हा पाहिलं. हिरवी. म्हणून फोन केला नाही. आधी रोज करायचो. टिकली आल्यापासून नुसतं पाहायचो." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मशीन बिघडलं होतं ना, मॅडम?"

बिचारा स्वतःसाठी विचारत होता आणि मलाही वाट करून देत होता. हो म्हटलं असतं तर दोघंही सुटलो असतो.

"नाही," मी म्हणाले. "टिकल्या आरशावर आहेत हे मला दोन दहालाच कळलं होतं. आमची गाडी या मागच्या गल्लीत होती, तासभर. तुमच्या आईचा आलेख मी तीन चाळीसला उघडला."

त्यानं बोटांवर हिशोब केला.

"दीड तास," तो म्हणाला. "दीड तास काय केलं तुम्ही?"

"माझी जाऊ वाचवली," मी म्हणाले. "मग चहा प्यायले."